चांभारकुंडातला पोरगा आणि काळ्या द्राक्षाचा रंग

लुई पाश्चर हे नाव केजमधल्या एखाद्या शाळकरी पोराला विचारा. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लशीची गोष्ट तो लगेच सांगेल. दुधाच्या पिशवीवर पाश्चराइज्ड असं छापलेलं असतं, तेही यांच्याच नावावरून. पण हा माणूस आयुष्यभर पुन्हा पुन्हा द्राक्षाकडे वळला, हे फारसं कुणी सांगत नाही. काळ्या द्राक्षाचा आणि लाल वाइनचा रंग समजून घ्यायचा असेल, तर त्यांचं चरित्र फार कामाला येतं. वाइन पिणं चांगलं की वाईट, हा आजचा विषय नाही.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधल्या दोल या गावी झाला. वडील नेपोलियनच्या फौजेत शिपाई होते, नंतर त्यांनी कातडी कमावण्याचा धंदा केला. बालपण गेलं आर्ब्वा या गावात, चारी बाजूंनी द्राक्षमळे. तिकडे कातडं कमवायला ओक झाडाची साल वापरत. आपल्याकडे बाभळीची आणि तरवडाची साल वापरतात. सालीतलं तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, कातड्यातल्या प्रथिनाला घट्ट धरतं, म्हणून कातडं सडत नाही. हेच टॅनिन द्राक्षाच्या सालीत आणि बीमध्ये असतं. द्राक्षाची बी चावून बघा. लाळेतल्या प्रथिनाला टॅनिन धरतं आणि जीभ कोरडी पडल्यासारखी होते. वडिलांच्या कुंडात आणि शेजारच्या वाइनच्या पिंपात एकाच घराण्यातली द्रव्यं काम करत होती. शास्त्रज्ञ या घराण्याला फिनॉलिक द्रव्यं म्हणतात.

पाश्चर यांचं पहिलं मोठं संशोधन १८४८ सालचं, तेही द्राक्षाचंच. वाइनच्या पिंपात तळाला जो खडा साचतो, त्यापासून टार्टारिक आम्ल मिळतं. त्याच जातीच्या एका आम्लाच्या क्षारात त्यांना दोन तऱ्हेचे स्फटिक दिसले, डाव्या आणि उजव्या हातासारखे. त्यांनी ते एकेक करून वेगळे केले. तेव्हा वय होतं अवघं पंचवीस.

१८६३ मध्ये फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याने त्यांच्यावर काम सोपवलं. वाइन खराब होत होती, व्यापार बुडत होता. पाश्चर आर्ब्वाला आले, सूक्ष्मदर्शक मांडला आणि वाइन नासवणारे जंतू शोधले. वाइन ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की जंतू मरतात, हे त्यांनी दाखवलं. दुधाचं पाश्चरायझेशन त्यातूनच पुढे आलं. १८६६ मध्ये त्यांचा वाइनवरचा ग्रंथ निघाला.

रंगाचा प्रयोग त्याच काळातला. लाल वाइन काही नळ्यांत काठोकाठ भरून त्यांनी तोंड बंद केलं. काही नळ्यांत अर्धी जागा हवेला ठेवली. काठोकाठ भरलेली वाइन होती तशी राहिली. हवा असलेल्या नळीत रंग उतरला आणि तळाला गाळ बसला. वाइन जुनी होते ती हवेतल्या प्राणवायूमुळे, हे त्यावरून कळलं. प्राणवायू हळूहळू मिळाला तर वाइन मुरते, एकदम मिळाला तर बिघडते.

आज त्यामागचं कारण माहीत आहे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस जवळजवळ बिनरंगी असतो. रंग सालीत असतो, त्याचं नाव अँथोसायनिन. रस सालीसकट आंबवला तरच वाइन लाल होते. साल आधीच काढली तर काळ्या द्राक्षाचीही पांढरी वाइन बनते. नुसतं अँथोसायनिन नाजूक असतं. टॅनिनशी त्याची गाठ पडली की रंग टिकतो. जांभळी छटा जाऊन विटकरी येते, तुरटपणाही मवाळ होतो.

हे सगळं सुखात चाललं नव्हतं. १८५९, १८६५ आणि १८६६ या सालांत पाश्चर यांच्या तीन मुली गेल्या. १८६८ मध्ये पक्षाघाताने डावी बाजू लुळी पडली. तरी रेशमाच्या अळीच्या रोगावरचं काम त्यांनी तडीस नेलं. आपल्या जिल्ह्यातले तुती लावणारे शेतकरी रोगमुक्त अंडीपुंज आणतात, ती पद्धतही त्यांच्याच तपासणीतून आली. १८७८ मध्ये त्यांनी आर्ब्वाजवळच्या स्वतःच्या मळ्यात काही वेली काचघरात झाकल्या. त्या घडांचा रस आंबला नाही. आंबवणारं किण्व बाहेरून सालीवर येऊन बसतं, हे सिद्ध झालं. १८८५ मध्ये रेबीजची लस दिली, १८८८ मध्ये पॅरिसला त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. तिथेच काम केलेले हाफकिन पुढे मुंबईत आले आणि १८९७ मध्ये त्यांनी प्लेगची लस बनवली. पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी वारले.

आता आपल्या बांधावर येऊ. काळी द्राक्षं लावायचा विचार असेल तर एवढं ध्यानात ठेवा. मण्यात पाणी उतरताना रंग भरू लागतो. त्या वेळी रात्री उष्ण असल्या, वेलीवर घडांचा भार जास्त असला किंवा घड दाट पाल्यात दबले, तर रंग कमी भरतो. आपल्या भागातल्या उन्हात छाटणीची वेळ म्हणूनच जपून ठरवावी लागते. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ‘मांजरी मेडिका’ ही रसाची जात काढली आहे, तिचा रसही रंगीत असतो.

घरी एक प्रयोग करा. काळ्या द्राक्षाची किंवा जांभळाची साल पाण्यात कुस्करा. निम्म्यात लिंबू पिळा, रंग लाल होईल. निम्म्यात खायचा सोडा टाका, रंग निळसर-हिरवट पडेल. म्हणजे रंग सालीतला असला, तरी तो कसा दिसेल हे आंबटपणावर ठरतं. पोरांना हे दाखवा आणि मग पाश्चर यांची गोष्ट सांगा. ती त्यांच्या ध्यानात राहील.