पाषाणांतील काष्ठाचे अभ्यासक : आचार्य बिरबल साहनी

आमच्या धाडच्या शिवारांत नांगराच्या फाळास अडणारा काळा पाषाण सर्वांच्या परिचयाचा आहे. तो प्राचीन लाव्ह्यापासून बनलेला आहे. अशा लाव्ह्याच्या दोन थरांमध्यें विदर्भांत व त्याच्या सीमेवर कांहीं ठिकाणीं दगड झालेलीं झाडांचीं खोडें सांपडतात. त्यांच्या अभ्यासांत ज्यांनीं आयुष्य वेंचिलें, त्या आचार्य बिरबल साहनी यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सादर करितों.

साहनींचा जन्म पंजाबांतील भेरा गांवीं १४ नोव्हेंबर १८९१ रोजीं झाला. वडील रुचिराम हे लाहोरास रसायनशास्त्र शिकवीत. लाहोरचें शिक्षण १९११ सालीं आटोपून साहनी केंब्रिजला गेले व आचार्य सीवर्ड यांच्यापाशीं प्राचीन वनस्पतींचा अभ्यास करूं लागले. १९२१ सालीं ते लखनौ विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

जिवंत खोड कसें वाढतें हें समजल्यावांचून दगडी खोड ओळखतां येत नाहीं. सागाच्या सालीखालीं एक अत्यंत पातळ जिवंत थर असतो. तो आंतील बाजूस नवें काष्ठ व बाहेरील बाजूस नवी साल निर्माण करितो. म्हणून ओंडक्यावर वर्षावर्षाचीं वलयें दिसतात. शिंदीच्या खोडांत असा थर नसतो. तेथें वलयें नसून तंतूंच्या जुड्या सर्वत्र विखुरलेल्या असतात. पाण्यांतील गारेचा अंश मुरून खोड दगड झालें, तरी ही रचना टिकते. त्या दगडाचा काप घांसून पातळ केला कीं सूक्ष्मदर्शकाखालीं पेशी दिसूं लागतात.

नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनीं एकोणिसाव्या शतकांतच तेथील जीवाश्म गोळा केले होते. साहनींनीं नागपूर व छिंदवाडा भागांतील ताडवर्गीय काष्ठें व फळें तपासलीं, आणि हा लाव्हा समजला जातो त्याहून अलीकडचा, तृतीय युगाच्या आरंभींचा आहे, असें १९३४ सालीं प्रतिपादिलें. पुष्कळ भूशास्त्रज्ञांचें मत निराळें होतें. आज त्याचें वय सुमारें ६.६ कोटी वर्षें, म्हणजे दोन युगांच्या अगदीं सीमेवरचें, ठरलें आहे.

१९३६ सालीं ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले. ३ एप्रिल १९४९ रोजीं त्यांच्या संशोधनसंस्थेची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्तें बसली. ती शिला साहनींनीं जीवाश्म जडवून घडविली होती. त्यानंतर अवघ्या सात दिवसांनीं, १० एप्रिल रोजीं, हृदयविकारानें त्यांचें निधन झालें. पत्नी सावित्रीबाईंनीं तें कार्य खंडूं दिलें नाहीं. ती संस्था आजहि लखनौस त्यांच्या नांवानें चालू आहे.

विद्यार्थिमित्रहो, सुताराच्या दारीं सागाचा ओंडका दिसल्यास त्याचीं वलयें अवश्य मोजा, आणि शिंदीच्या खोडांत तीं कां नाहींत, हें घरच्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगा.