विश्लेषण : औषधाचा नॅनोकण पेशी का गिळते? १९०३ मधल्या एका प्रयोगाची आणि सर आल्मरॉथ राइट यांची गोष्ट

कर्करोगाचे औषध नॅनोकणांत भरून शिरेतून दिले, की रक्तात शिरताच त्या कणांवर प्रथिनांचा थर चढतो. या थराला ‘प्रोटीन कोरोना’ म्हणतात. पेशीची गाठ मूळ कणाशी नव्हे, बहुतांशी या थराशीच पडते. थरात कोणती प्रथिने आहेत, त्यावर यकृतातल्या भक्षक पेशी कण गिळणार की पुढे जाऊ देणार, हे बऱ्याच अंशी ठरते. ‘नॅनो’ची चर्चाही नव्हती तेव्हा जिवाणूंच्या बाबतीत हेच दाखवले होते सर आल्मरॉथ राइट यांनी.

राइट यांचा जन्म १८६१ चा, यॉर्कशरमधला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते साहित्य आणि वैद्यक असे दोन्ही शिकले. पुढे नेटली येथील लष्करी वैद्यकीय विद्यालयात त्यांनी मृत जिवाणूंपासून टायफॉइडची लस तयार केली. १८९८ मध्ये प्लेग आयोगाचे सदस्य म्हणून ते भारतात आले. मुंबईत तयार होणारी हाफकिन यांची प्लेगची लस तपासणे हेही या आयोगाचे काम होते. १९०२ मध्ये लष्कराची नोकरी सोडून ते लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात गेले.

प्रयोग काय होता?

रक्तातल्या पांढऱ्या पेशी जिवाणूंना गिळतात, हे मेचनिकॉफ यांनी आधीच सांगितले होते. राइट आणि स्ट्युअर्ट डग्लस यांनी या पेशी धुऊन घेतल्या. काचेच्या बारीक नळीत पेशी, जिवाणू आणि सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा पिवळसर द्रव) एकत्र करून शरीराच्या तापमानाला ठेवले. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या पोटातले जिवाणू मोजले. सीरम नसेल तर पेशी जिवाणूंकडे फारसे लक्ष देत नव्हत्या. सीरम तापवले तरी परिणाम बराच ओसरत होता. सीरम पेशींना चेतवत नाही, ते जिवाणूंवर बसते, असा निष्कर्ष निघाला. या घटकांना राइट यांनी ‘ऑप्सोनिन’ म्हटले. मूळ ग्रीक शब्दाचा रोख जेवण तयार करण्याकडे आहे.

इथवर सगळे भक्कम होते. मात्र राइट यांनी यावरून ‘ऑप्सोनिक इंडेक्स’ काढला आणि रुग्णाला लस कधी, किती द्यायची हे त्यावर ठरवू लागले. त्यासाठी सहकारी रात्र रात्र जिवाणू मोजत बसत. आकडे मोजणाऱ्यागणिक बदलत आणि ही पद्धत मागे पडली. बर्नार्ड शॉ यांनी १९०६ च्या ‘द डॉक्टर्स डिलेमा’ नाटकाचा नायक त्यांच्यावरून बेतला. स्त्रियांच्या मताधिकाराला मात्र त्यांनी १९१३ मध्ये पुस्तक लिहून विरोध केला. प्रयोगशाळेत पुरावा मागणाऱ्या माणसाला तिथे पुराव्याची गरज भासली नाही.

आज हे कुठे उपयोगी पडते?

राइट १९४७ मध्ये वारले. त्यांचे ऑप्सोनिन म्हणजे मुख्यतः प्रतिपिंडे आणि ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिने. नॅनोकणांवर हीच बसली, की भक्षक पेशी ते कण वेगाने उचलतात. म्हणून कणांवर पीईजी या पॉलिमरचे आवरण देतात. त्यामुळे प्रथिने कमी चिकटतात आणि औषध रक्तात जास्त वेळ टिकते. असे आवरण असलेल्या ‘डॉक्सिल’ला अमेरिकेत १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. अडचण अशी, की काही रुग्णांच्या रक्तात पीईजीविरुद्धच प्रतिपिंडे आढळतात. ती आवरणावर बसतात आणि पेशी तो कण पुन्हा गिळू लागतात.