मालकीणबाई आउट! पण सात वर्षांनी

आयपीएलचा लिलाव बघताना कॅमेरा प्लेअर्सपेक्षा ओनर्सवरच जास्त फिरतो, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. आता एक कल्पना करा. त्या टेबलावर बसलेल्या एखाद्या ओनरने आपल्याच प्लेअर्सच्या रंगावरून घाणेरडे शब्द वापरलेत, असं उद्या उघड झालं तर? प्लेअर चुकला तर लीग त्याला बाहेर काढते. कोच चुकला तर त्याचीही सुट्टी होते. पण जिच्या नावावर टीमच आहे, तिला कोण काढणार? तिला टीम विकायला लावता येते का?

हा प्रश्न अमेरिकेत खरोखर उभा राहिला होता. त्यासाठी तुम्हाला ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात यावं लागेल आणि मार्ज शॉट नावाच्या बाईंना भेटावं लागेल. मार्जला जाऊन आता वीस वर्षांहून जास्त काळ झालाय, पण तिचं नाव काढलं की तिथले बेसबॉलप्रेमी आजही दोन गटांत भांडतात.

लाकूडवाल्याची लेक

मार्जचा जन्म १९२८चा. वडिलांचा लाकडाचा धंदा होता आणि घरात पाच मुली. मार्ज दुसरी. मुलगा नसल्याने वडील हिलाच मुलासारखी वागवत आणि धंद्यातलं शिकवत. १९५२मध्ये तिचं लग्न चार्ल्स शॉट या श्रीमंत घरातल्या तरुणाशी झालं. १९६८मध्ये तो हार्ट अटॅकने गेला. मूलबाळ नव्हतं. चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या मार्जच्या हातात एकदम नवऱ्याचे सगळे धंदे आले. त्यात एक कारची डीलरशिपही होती.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. कार विकणं हे शंभर टक्के पुरुषांचं काम समजलं जायचं. ही बाई धंदा विकून मोकळी होईल, असंच सगळ्यांना वाटत होतं. तिने विकला नाही, उलट नीट चालवून दाखवला. इथपर्यंतची मार्ज कुणालाही आवडेल अशीच आहे.

एक डॉलरचा हॉट डॉग

सिनसिनाटी हे बेसबॉलवेडं गाव. खेळाडूंना उघडपणे पगार देणारी पहिली बेसबॉल टीम १८६९मध्ये इथेच उभी राहिली. इथल्या 'रेड्स' टीममध्ये मार्जने १९८१मध्ये छोटा हिस्सा घेतला आणि १९८४च्या डिसेंबरमध्ये टीमचा ताबाच विकत घेतला. बाप किंवा नवऱ्याकडून वारसाने न मिळता स्वतः टीम विकत घेणाऱ्या बायका तेव्हा अमेरिकेत बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

लोक तिच्यावर फिदा होते. ती काचेच्या बंद बॉक्समध्ये न बसता मैदानाजवळच्या साध्या खुर्चीत बसायची आणि सह्या द्यायची. तिकिटं स्वस्त ठेवायची, हॉट डॉग एक डॉलरला. तिचा शॉट्झी नावाचा सेंट बर्नार्ड जातीचा भलामोठा कुत्रा मॅचआधी मैदानात हुंदडायचा. १९९०मध्ये तर रेड्सने ओकलंडला ४-० असं धुऊन वर्ल्ड सिरीजच जिंकली.

पण त्याच सिरीजच्या शेवटच्या मॅचमध्ये एरिक डेव्हिस या कृष्णवर्णीय स्टार खेळाडूने कॅचसाठी सूर मारला आणि त्याच्या किडनीला इजा झाली. तो ओकलंडच्या हॉस्पिटलमध्ये पडून राहिला, टीम निघून गेली. घरी परतण्यासाठी विमानाची सोय त्याला स्वतःच करावी लागली. आधी हा नुसता मार्जचा कंजूषपणा वाटला होता. दोन वर्षांनी त्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागले.

कोर्टातले कागद

१९९२मध्ये कामावरून काढलेल्या एका माजी अधिकाऱ्याने मार्जवर केलेल्या केसचे कागद बाहेर आले. त्यातून कळलं की मार्ज आपल्याच कृष्णवर्णीय खेळाडूंबद्दल वंशद्वेषी शिव्या वापरते, असा आरोप आहे. ज्यू लोकांबद्दल आणि जपानी लोकांबद्दलही तेच. तिच्या घरात नाझींचं स्वस्तिक असलेला दंडावर बांधायचा पट्टा होता. असे शब्द आपण कधीकधी वापरले, हे तिने स्वतः शपथेवर मान्य केलं. पट्टा भेट मिळालेला आहे, एवढंच तिचं म्हणणं.

अजून एक गोष्ट पुढे आली, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुसऱ्या टीमच्या ऑफिसात काम केलेल्या एका महिलेने सांगितलं की ओनर्सच्या फोनवरच्या मीटिंगच्या आधी मार्ज असं बोलताना तिने ऐकलंय. आता विचार करा, फोनवर अजून कोण कोण असणार? बाकीचे ओनर्सच ना! त्यांच्यापैकी कुणी तक्रार केली होती का? नाही.

आणि निकाल द्यायचा होता याच ओनर्सना. लीगचा सर्वोच्च अधिकारी म्हणजे कमिशनर. पण १९९२च्या सप्टेंबरमध्येच ओनर्सनी अविश्वास दाखवल्यामुळे त्याने राजीनामा दिला होता. खुर्ची रिकामी होती. त्यामुळे मार्जचा फैसला करायला बसली ती ओनर्सचाच वरचष्मा असलेली समिती.

फेब्रुवारी १९९३मध्ये शिक्षा झाली: २५ हजार डॉलर दंड आणि एक वर्ष टीमच्या रोजच्या कारभारापासून लांब राहायचं. टीम मात्र तिचीच राहिली, नफाही तिचाच. वर्षही पुरं झालं नाही. आठ महिन्यांत, १ नोव्हेंबरला, ती परत खुर्चीत होती.

बेटिंग केलं तर मात्र...

तुम्ही म्हणाल, लीगच्या हातात तेवढंच असेल. तर थोडं मागे जाऊ. १९४३मध्ये विल्यम कॉक्स नावाचा माणूस फिलाडेल्फियाच्या टीमचा ओनर होता. त्याने आपल्याच टीमवर पैसे लावल्याचं कळलं आणि कमिशनरने त्याच्यावर आजन्म बंदी घातली. त्याला टीम विकावी लागली. १९८९मध्ये मार्जच्याच रेड्सचा मॅनेजर आणि सिनसिनाटीचा लाडका हिरो पीट रोझ यालाही बेटिंगवरूनच आजन्म बंदी झाली.

म्हणजे लीगला ओनरलासुद्धा बाहेर काढता येत होतं. पन्नास वर्षांपूर्वी तिने ते केलं होतं. त्याचं कारणही सोपं आहे. टीम ही दुकानासारखी एकट्याची मालमत्ता नसते. ओनर लीगमध्ये येतो तेव्हा लीगच्या नियमांवर सही करूनच येतो. आणि लीग सोडून टीमची किंमत किती? प्रतिस्पर्धी नाहीत, शेड्यूल नाही, टीव्हीचे पैसे नाहीत. उरतात फक्त बॅट आणि जर्सी.

पण बेटिंगने धंद्याचा पायाच हलतो, कारण मॅच खरी आहे यावर लोकांचा विश्वास राहत नाही. मार्जच्या बोलण्याने कुणाचं नुकसान होत होतं? खेळाडूंचं. बॅरी लार्किनसारखा सिनसिनाटीतच जन्मलेला, गावाचा अभिमान असलेला कृष्णवर्णीय खेळाडू रोज तिच्या टीमची जर्सी घालून उतरत होता. त्याच्या मानाची किंमत लीगने लावली ती आठ महिने.

तोंडाचा पट्टा थांबेना

१९९६च्या सीझनच्या पहिल्याच दिवशी सिनसिनाटीच्या मैदानावर एक अंपायर कोसळला आणि मरण पावला. मॅच पुढे ढकलली. मार्जने जाहीर नाराजी व्यक्त केली ती मॅच रद्द झाल्याबद्दल. पुढच्याच महिन्यात टीव्हीवरच्या मुलाखतीत ती म्हणाली की हिटलर सुरुवातीला चांगलाच होता, नंतर त्याने अति केलं. आता मात्र लीगला गप्प बसणं जमेना. जूनमध्ये मार्जने १९९८चा सीझन संपेपर्यंत कारभार सोडायचं 'स्वतःहून' मान्य केलं. मान्य केलं नसतं तर आणखी मोठं निलंबन समोर होतंच.

शेवट कसा झाला, बघा. तिसऱ्या निलंबनाची टांगती तलवार होती, तब्येत खालावली होती. त्यातच भागीदारांसोबतचा करार संपत आला होता आणि ते तिला हटवायच्या तयारीत होते. १९९९मध्ये मार्जने ताबा ६ कोटी ७० लाख डॉलरला सिनसिनाटीच्याच कार्ल लिंडनर यांच्या गटाला विकला. एक छोटा हिस्सा तिने तरीही स्वतःकडे ठेवला. कागदावर हा एक साधा व्यवहार होता. मार्जची हकालपट्टी झाली, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

मग उत्तर काय?

लीग ओनरला विकायला लावू शकते, पण शक्यतो धक्का देऊन नाही. ती एकेक दार बंद करत जाते आणि 'विक्री'चं एकच उघडं ठेवते. २०१४मध्ये बास्केटबॉलच्या एनबीएने हेच जास्त वेगाने केलं. लॉस एंजेलिस क्लिपर्सचे ओनर डोनाल्ड स्टर्लिंग यांचं वंशद्वेषी बोलणं रेकॉर्डिंगमधून बाहेर आलं. काही दिवसांतच आजन्म बंदी आणि २५ लाख डॉलर दंड झाला. त्यांना काढण्यासाठी तीन चतुर्थांश ओनर्सची मतं लागणार होती. पण मतदानाआधीच त्यांच्या पत्नीने टीम २०० कोटी डॉलरला विकायचा करार केला आणि मतदान झालंच नाही. म्हणजे सक्तीच्या विक्रीची शेवटपर्यंत परीक्षा तेव्हाही झाली नाही.

आपल्याकडेही २०१५मध्ये चेन्नई आणि राजस्थान या आयपीएल टीम्स दोन वर्षांसाठी निलंबित झाल्या. कारण? पुन्हा बेटिंगच. २०१८मध्ये दोन्ही परतल्या.

मार्ज २००४मध्ये गेली, तेव्हा ती ७५ वर्षांची होती. तिने प्राणिसंग्रहालयाला, मुलांच्या हॉस्पिटलला, शाळा-कॉलेजांना भरपूर पैसा दिला होता, हेही तितकंच खरं. सिनसिनाटी युनिव्हर्सिटीच्या बेसबॉल स्टेडियमला तिचं नाव होतं. २०२०मध्ये विद्यार्थी आणि खेळाडूंनी मागणी लावून धरली आणि युनिव्हर्सिटीने ते नाव काढलं. ते खेळाडू तुमच्याच वयाचे होते. ओनर्सना जे सात वर्षं जड गेलं, ते त्यांना आपल्या कॅम्पसवर काही आठवड्यांत जमलं.

पुढच्या लिलावात तुमच्या आवडत्या टीमचा ओनर हसत पॅडल उचलेल, तेव्हा एवढंच आठवा. नियम पुस्तकात असतोच. तो कधी वापरायचा, हे ठरतं नुकसान कुणाचं होतंय यावर. आणि नुकसान प्लेअर्सच्या मानाचं होत असेल, तर आवाज तुम्हाला-आम्हालाच करावा लागतो.