श्रीनगरचे बिस्कोसाहेब

यंदा आपल्या शाळेत पाचवी ते सातवी या इयत्तांतील मुलामुलींकरिता दर शनिवारी एक निराळा वर्ग सुरू होत आहे. चारचौघांत उभे राहून बोलणे, हाती घेतलेले काम तडीस नेणे व सोबत्यांस बरोबर घेऊन चालणे, एवढाच त्याचा अभ्यासक्रम आहे. वर्गाची सूचना लागल्यापासून कित्येक पालकांनी मजजवळ एकच शंका बोलून दाखविली आहे. धैर्य व पुढारीपण हे उपजत गुण असून ते गणित-व्याकरणाप्रमाणे शिकविता कसे येतील, अशी ती शंका आहे. ती रास्त नाही असे मी म्हणत नाही. मलाही ती आली होती. तिला युक्तिवादाने उत्तर देण्यापेक्षा, हेच काम ज्यांनी आपले उभे आयुष्य वेचून केले अशा एका शिक्षकाचे चरित्र सांगावे, हे मला अधिक बरे वाटते.

सेसिल अर्ल टिंडेल-बिस्को यांचा जन्म इंग्लंडात ऑक्सफर्डशायर परगण्यातील होल्टन येथे ९ फेब्रुवारी १८६३ रोजी झाला. घराणे सुखवस्तू होते, परंतु मुलगा अंगाने लहानखुरा. ब्रॅडफील्ड येथील शाळेत त्याला दांडग्या मुलांचा पुष्कळ जाच सोसावा लागला. दुबळ्या मुलाला शाळेत काय सोसावे लागते, हे त्यांनी पुस्तकांत वाचले नव्हते. ते त्यांच्या अंगावरून गेले होते. पुढे ते केंब्रिज येथील जीझस कॉलेजात गेले. तेथे हाच लहानखुरा देह त्यांच्या उपयोगी पडला. शर्यतीच्या होडीत आठ धिप्पाड गडी वल्ही मारतात आणि एक हलका माणूस त्यांच्यासमोर बसून सुकाणू धरतो व हुकूम देतो. १८८४ सालच्या ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीत केंब्रिजच्या होडीचे सुकाणू बिस्को यांच्या हाती होते, आणि ती शर्यत केंब्रिजने जिंकली. अंगबळ नसलेला मनुष्यही आठ बलवानांस मार्ग दाखवू शकतो, हा धडा त्यांना पाण्यावर मिळाला.

पुढे धर्मोपदेशकाची दीक्षा घेऊन त्यांनी काही काळ लंडनच्या पूर्वेकडील दरिद्री वस्तीत काम केले, आणि १८९० साली चर्च मिशनरी सोसायटीतर्फे ते काश्मीरास आले. श्रीनगर येथील मिशन शाळा नोल्स नावाच्या मिशनऱ्याने सुमारे दहा वर्षांपूर्वी स्थापिली होती. तीत त्या वेळी सुमारे दोनशे विद्यार्थी होते व ते बहुतेक सारे काश्मिरी ब्राह्मणांचे मुलगे होते. मुले मोठी बुद्धिमान होती. पाठ झटपट करीत, परीक्षा देत, आणि राज्याच्या दरबारात कारकुनी मिळविणे हेच बहुतेकांचे ध्येय असे. पायघोळ फेरन, त्याच्या आत उबेसाठी निखाऱ्यांची कांगडी, पायांत खडावा, कित्येकांच्या कानांत व नाकांतही दागिने, असा त्यांचा वेश होता. धावणे, पोहणे, ओझे उचलणे ही हमालांची कामे. दंड भरदार असणे हे हलक्या जातीचे लक्षण. असा समज मुलांच्या इतकाच त्यांच्या वडिलांच्याही मनात पक्का बसलेला होता.

येथे मला थोडे थांबले पाहिजे. बिस्कोसाहेबांनी आपल्या पुस्तकांतून या मुलांविषयी जे लिहिले आहे ते फार कठोर, कधी कधी तुच्छतेचे आहे. काश्मिरी पंडितांचा समाज हा शेकडो वर्षे विद्येवर जगलेला होता. राज्ये पालटली, जुलूम झाले, वेठबिगार झाली; त्या साऱ्यांतून त्यांना लेखणीनेच तारले. ज्या समाजाला डोके वर काढल्यास मार बसतो, तो डोके खाली घालण्यास शिकतो. त्याला भित्रा म्हणून मोकळे होणे न्यायाचे नाही. शिवाय ही सारी हकीकत आपणांस मुख्यत्वे साहेबांच्याच लेखणीतून मिळते. त्या मुलांनी ती लिहिली असती तर तिचा रंग कदाचित वेगळा दिसला असता. हे ध्यानी ठेवून पुढे वाचावे.

१८९१ च्या शरदात बिस्कोसाहेबांचा विवाह झाला, आणि नववधूबरोबर त्यांनी श्रीनगरास आणखी एक वस्तू आणली. ती म्हणजे चामड्याचा फुटबॉल. मुलांनी तो पाहिला, आणि तो चामड्याचा आहे हे कळताच मागे सरकली. चामडे अपवित्र, त्याला शिवणार कोण? साहेबांनी फळ्यावर खेळाची आकृती काढून नियम समजाविले व त्याच दिवशी दुपारी खेळ होईल असे जाहीर केले. शाळा सुटताच शिक्षक हातात काठ्या घेऊन वाटेवर उभे राहिले आणि मुलांना मेंढरांप्रमाणे मैदानाकडे हाकीत नेण्यात आले. तमाशा पाहण्यास गावातील लोक जमले. मुले जागच्या जागी उभी होती, चेंडूला कोणी पाय लावीना. तेव्हा ठराविक वेळ देऊन, तो सरताच साहेबांनी शिक्षकांना काठ्या घेऊन पुढे होण्याचा इशारा केला. मग काय विचारता! काठीच्या भयाने सर्वजण एकदम चेंडूवर तुटून पडले. खडावा एकीकडे, पागोटी दुसरीकडे, आणि फेरनांचे घोळ पायांत. अशा गोंधळात चेंडू उसळून एका मुलाच्या तोंडावर बसला.

खेळ जागच्या जागी थांबला. तो मुलगा रडू लागला, त्याचे सोबती भयाने त्याच्याकडे पाहू लागले. चामडे तोंडाला लागले, आता याचे काय होणार? बिस्कोसाहेबांनी त्याला जवळच्या कालव्यावर नेऊन तोंड धुऊन आणण्यास सांगितले. तो धुऊन आला, आणि खेळ पुन्हा सुरू झाला. आकाश कोसळले नव्हते.

माझ्या मते त्या दिवसाचे सार काठीत नसून त्या कालव्याच्या पाण्यात आहे. ज्या गोष्टीचे जन्मभर भय वाटले ती घडून गेली, आणि तोंड धुऊन पुन्हा खेळता आले, हे त्या मुलाने स्वतः अनुभविले. काठीविषयी मात्र माझे मत निराळे आहे. मुलाच्या व त्याच्या आईबापांच्या धर्मभावनेला असे बळाने ढकलणे मला आज कोणत्याही वर्गात मान्य होणार नाही. आणि खुद्द बिस्कोसाहेबांचे पुढील काम जर काठीवरच चालले असते तर ते टिकते ना.

कारण पुढचे काम पाण्यावरचे होते, आणि पाण्यात बुडणाऱ्याला वाचविण्यास कोणाला हाकीत नेता येत नाही. श्रीनगर हे झेलम नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले शहर. भोवती दलसारखी सरोवरे. तरीही भद्र घरांतील मुलांना पोहता येत नसे, आणि वल्हे हाती धरणे हे हांजी लोकांचे, म्हणजे नावाड्यांचे, काम म्हणून ती लाजत असत. प्रथम जी थोडी मुले होडीत बसली ती पुलांखालून जाताना कोणी ओळखू नये म्हणून डोक्यावरून घोंगडी ओढून घेत. ही गोष्ट वाचताना हसू येते. पण आपल्या वर्गात कविता म्हणताना वहीआड तोंड लपविणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो, त्यामुळे मला फार हसवत नाही. साहेबांनी घोंगडी ओढून काढली नाही. होड्या वाढल्या, शर्यती सुरू झाल्या, मुलांना चढाओढीची गोडी लागली, आणि घोंगड्या आपोआप गळून पडल्या. काही वर्षांनी तर शर्यतीच्या दिवशी पाहुण्यांसमोर एक विलक्षण खेळ होऊ लागला. इशारा होताच सगळ्या होड्यांतील मुले आपल्या होड्या मुद्दाम पाण्याखाली घालीत, स्वतः पाण्यात पडत, आणि होड्या पुन्हा वर काढून, पाणी उपसून, वल्ही मारीत निघून जात!

पोहण्याविषयी त्यांचा नियम पालकांच्या खिशाला हात घालणारा होता. ठराविक वयानंतर ज्या मुलाला पोहता येत नसेल त्याची फी वाढे, आणि तो शिकेपर्यंत ती वाढलेलीच राही. ज्या वडिलांनी आजवर मुलाला पाण्याजवळ जाऊ दिले नव्हते तेच आता त्याला घाटावर धाडू लागले. हळूहळू शाळेतील मुले दल सरोवर पोहून पार करू लागली.

परंतु या शाळेतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे तिची गुणपत्रिका. बिस्कोसाहेबांनी गुणांचे तीन सारखे वाटे केले होते: एक बुद्धीचा, एक शरीराचा, आणि एक आत्म्याचा, म्हणजे वर्तनाचा. शिक्षकांशी, सोबत्यांशी आणि गावातील लोकांशी मुलगा कसा वागतो यालाही गुण होते. आणि खेळातील गुण जो सर्वांत चांगला खेळतो त्याला नव्हे, तर जो सर्वांत अधिक झटतो त्याला मिळत. या एका नियमाने काय झाले असेल याची कल्पना करा. जन्मतः चपळ असलेल्या मुलाला चपळाईचे फुकट गुण मिळेनात, आणि अंगाने अधू, भित्रा, मागे राहणारा मुलगाही पहिला येऊ शकला. ब्रॅडफील्डच्या शाळेतील त्या लहानखुऱ्या मुलाची आठवण या नियमामागे असावी असे मला वाटते. आमच्या शनिवारच्या वर्गात हा नियम आम्ही तसाच घेणार आहोत. ज्या पालकांना आपल्या वाक्पटू चिरंजीवांस पहिले बक्षीस हवे आहे त्यांनी कृपया राग मानू नये.

मुले धीट झाली, पण धीटपणाचा उपयोग काय? नुसती छाती काढून चालणारी मुले बिस्कोसाहेबांना नको होती. शहरात पटकी येई, आगी लागत, नदीला पूर येई. या तिन्ही संकटांत शाळा रस्त्यावर उतरे. पटकीच्या दिवसांत शाळेभोवतालची घाण काढण्यासाठी शिक्षकांनी स्वतः फावडी हाती घेतली. ज्यांना कालपर्यंत ओझे उचलण्याची लाज वाटत होती, तीच मंडळी ही. आग लागली की शाळेचा पंप घेऊन मुले धावत. १८९३ व १९०३ साली काश्मीरात मोठे पूर आले. शाळेच्या होड्या तेव्हा शर्यतीसाठी नव्हे, तर घरांच्या छपरांवर अडकलेल्या माणसांना उतरविण्यासाठी निघत. मिशन हॉस्पिटलातील बऱ्या होत असलेल्या रोग्यांना होडीत घालून सरोवराची हवा खावयास नेणे हेही मुलांचे काम असे; त्यांत जातगोत पाहिले जात नसे. मारल्या जाणाऱ्या जनावराचा कैवार घेणे, म्हाताऱ्याचा भारा उचलणे, या गोष्टीही वर्तनाच्या गुणांत जमा होत. पहिल्या काळातील काही विद्यार्थी पुढे त्याच शाळेत शिक्षक झाले आणि लहान मुलांना पाण्यावर नेऊ लागले. पुढारीपण शिकविण्याची याहून सोपी रीत मला ठाऊक नाही. आधी काम, मग कामाची सवय, मग ते दुसऱ्याला शिकविण्याची जबाबदारी. भाषण सर्वांत शेवटी.

शाळेचे बोधचिन्ह या साऱ्याला साजेसे आहे. एकमेकांवर तिरपी ठेवलेली दोन वल्ही. वल्हे हे बळाचे व कष्टाचे चिन्ह, त्याचे पाते हृदयाच्या आकाराचे म्हणून ते दयेचे चिन्ह, आणि दोन्ही मिळून झालेली फुली ही आत्मत्यागाची. बळ असून दया नसेल तर तो दांडगेपणा, आणि दया असून बळ नसेल तर नुसता कळवळा, हे त्या चित्रात न बोलता सांगितले आहे.

लोकांनी त्यांना शिव्याही पुष्कळ दिल्या. पालकांनी मुले काढून घेतली, दुसऱ्या शाळा अधिक सोप्या वाटल्या, आणि वादाचे प्रसंग वारंवार आले. साहेब हट्टी होते व त्यांची जीभ तिखट होती; कित्येक भांडणे थोड्या सबुरीने टळली असती. परंतु १८९० साली सुरू केलेले काम त्यांनी अर्ध्या शतकाहून अधिक काळ सोडले नाही. सरकारने १९१२ साली त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. मुलींच्या शिक्षणासही मिशनने शहरात हात घातला, आणि ज्या घरांतील मुलांनी पूर्वी वल्हे धरले नव्हते त्याच घरांतील मुलीही कालांतराने शाळेत येऊ लागल्या.

१९४७ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, बिस्कोसाहेबांनी काश्मीर सोडले. त्यांचा अंत दूर आफ्रिकेत, तेव्हाच्या ऱ्होडेशियातील सॉल्झबरी येथे, १ ऑगस्ट १९४९ रोजी झाला. ते शहर आज झिंबाब्वेची राजधानी हरारे आहे. त्यांची शाळा श्रीनगरात शेख बाग येथे त्यांच्याच नावाने चालते, आणि तिच्या बोधचिन्हावर ती दोन वल्ही अजून आहेत.