साठ अभ्यासक्रमांचा विद्यार्थी

अर्थशास्त्र २९, इतिहास ११, समाजशास्त्र ६, तत्त्वज्ञान ५, मानववंशशास्त्र ४, राज्यशास्त्र ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन प्रत्येकी एक. बेरीज होते साठ. ही एखाद्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तकातील जंत्री नव्हे. एकाच विद्यार्थ्याने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षांत घेतलेल्या अभ्यासक्रमांची ही यादी आहे. वर्षाला दोन सत्रे धरली, तर एका सत्राला सरासरी दहा! पाच-सहा विषयांच्या ओझ्याने वाकलेली मुले आणि त्याहून अधिक वाकलेले पालक आपण घरोघरी पाहतो. म्हणून आधी हा हिशेबच मांडला. हा विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

१९१३ च्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला उतरले तेव्हा बावीस वर्षांचे होते. वडील जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. परळच्या चाळीत मुलाला पहाटे दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवणारे सुभेदार रामजी २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले. घरी पत्नी रमाबाई आणि तान्हा यशवंत. मिळकत अशी काही नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती हाच आधार, आणि तीही मोजून तीन वर्षांची. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार त्यांनी ४ जूनला सही करून दिला होता.

तोवरच्या शिक्षणात त्यांना निवड कुठे मिळाली होती? शाळेत संस्कृत घ्यायचे होते, पण अस्पृश्याच्या मुलाला ती भाषा शिकवायची कोणाची तयारी नव्हती. मग फारसी घ्यावी लागली, आणि पुढे बी.ए.लाही इंग्रजी आणि फारसीच राहिली. संस्कृत त्यांनी नंतर स्वतःच्या कष्टाने मिळवले. असा तरुण कोलंबियात आला. कोणी कोणता विषय शिकायचा हे तिथे जात विचारून ठरत नव्हते. त्याने पुढ्यात आलेल्या विषयपत्रिकेतून घेता येईल तेवढे घेतले, याचे नवल वाटायला नको.

सुरुवातीला ते विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले, पण तिथले जेवण रुचेना. मग कॉस्मोपॉलिटन क्लब आणि पुढे लिव्हिंगस्टन हॉल असे बिऱ्हाड हलत गेले. लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना हे पारशी मित्र भेटले. हा स्नेह जन्मभर टिकला. १९२० साली अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी पुन्हा लंडनला जायचे ठरले, तेव्हा पाच हजार रुपये उसने देणारे हेच भथेना.

प्राध्यापक नामांकित होते. सार्वजनिक अर्थकारणाला एडविन सेलिग्मन, इतिहासाला जेम्स शॉटवेल आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन, समाजशास्त्राला फ्रँकलिन गिडिंग्ज, तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई. या सर्वांत ड्यूईंचा ठसा सर्वांत खोल उमटला असे मला वाटते. लोकशाही म्हणजे केवळ राज्यकारभाराची पद्धत नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार वीस वर्षांनी, १९३६ साली, जातिनिर्मूलनावरील बाबासाहेबांच्या न झालेल्या भाषणाच्या पुस्तकात भेटतो.

लाला लजपतराय त्या काळात न्यूयॉर्कमध्ये होते. हुशार भारतीय तरुणांना आपल्या राजकीय कार्यात ओढण्याचा त्यांचा प्रयत्न असे. आंबेडकर मात्र बधले नाहीत. त्यांचा वेळ ग्रंथालयात जात होता आणि उरलेला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. पोटाला चिमटा काढून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली, असे चरित्रकार सांगतात.

१९१५ मध्ये मुख्य विषय अर्थशास्त्र घेऊन ते एम.ए. झाले. पण या साठ अभ्यासक्रमांचे खरे फळ दिसले ते ९ मे १९१६ रोजी, आणि तेही अर्थशास्त्राच्या नव्हे, तर डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. त्या दिवशी त्यांनी भारतातील जातींची रचना, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. वय पंचवीस.

निबंधाची मांडणी आजही वाचताना थक्क करते. जातीचे मूळ सोवळ्या-ओवळ्यात किंवा वंशात न शोधता त्यांनी ते जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या नियमात शोधले. मग प्रश्न आला आकड्यांचा. बंद गटात स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहायला हवी. नवरा किंवा बायको आधी मेली, तर मागे उरलेले माणूस त्या गटाला जादा होते. त्याने जातीबाहेर लग्न केले, तर भिंत ढासळते. जादा ठरलेल्या स्त्रीसाठी सती किंवा सक्तीचे वैधव्य, आणि जादा ठरलेल्या पुरुषासाठी अजून वयात न आलेली मुलगी! विधवांचे केशवपन आणि बालविवाह यांवर आपल्याकडे किती पिढ्या वाद झडले होते. पण या रूढी जात टिकवण्याची साधने आहेत, हे इतक्या कोरडेपणाने कोणी मांडले होते? प्रश्न मानववंशशास्त्राचा, नजर अर्थशास्त्रज्ञाची, आणि अनुभव मात्र महू, सातारा आणि परळचा. हा निबंध मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त छापला गेला.

जून १९१६ मध्ये ते लंडनला गेले. स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन दोन्हीकडे नावे घातली, पण वर्षभरातच शिष्यवृत्ती संपली आणि परतावे लागले. महायुद्ध चालू होते. ते सुखरूप मुंबईला पोहोचले, पण सामान घेऊन निघालेली दुसरी बोट पाणतीराने बुडवली. भरपाईचे सहाशे रुपये आले. त्या पैशांतूनच करार पाळायला ते बडोद्याला गेले. साठ अभ्यासक्रमांच्या या विद्वानाला त्या शहरात कोणी खोली देईना. कचेरीतले शिपाई फाइली लांबून टाकत. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढले, तेव्हा त्यांनी बडोदे सोडले.

कोलंबियाची पीएच.डी. अजून बाकीच होती. प्रबंध छापून प्रती सादर केल्याशिवाय पदवी द्यायची नाही, असा तिथला त्या वेळचा नियम, आणि छापायला पैसे नव्हते. मधल्या काळात सिडनॅम कॉलेजातील प्राध्यापकी झाली, लंडनची डी.एस्सी. झाली, बॅरिस्टरी झाली. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले आणि त्यानंतर जूनमध्ये कोलंबियाची पदवी रीतसर हाती आली. ज्या ग्रंथावर ती मिळाली तो ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ लंडनला १९२५ मध्ये निघाला होता. त्याला प्रस्तावना आहे सेलिग्मन यांची, आणि अर्पणपत्रिकेत नाव आहे सयाजीराव गायकवाडांचे.