अ‍ॅलेक्स हॅले : बोलते करणारा लेखक

अमेरिकी तटरक्षक दलात अ‍ॅलेक्स हॅले १९३९ मध्ये भटारखान्यातील मदतनीस म्हणून रुजू झाले. कृष्णवर्णीयांना त्याहून वरची कामे तेव्हा क्वचितच मिळत. जहाजावरील सहकाऱ्यांना प्रेमपत्रे लिहून देता देता त्यांची लेखणी घडली आणि २० वर्षांच्या सेवेनंतर ते पूर्णवेळ लेखनाकडे वळले.

नग्न छायाचित्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ‘प्लेबॉय’ मासिकाची मुलाखतमाला सप्टेंबर १९६२ मध्ये त्यांच्याच मुलाखतीने सुरू झाली. जाझवादक माइल्स डेव्हिस तीत वर्णद्वेषावर परखडपणे बोलले. पुढे माल्कम एक्स यांचा संताप (१९६३) आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची अहिंसक लढ्यामागील भूमिका (१९६५) हॅले यांनी याच पानांवर सविस्तर मांडली. अमेरिकी नाझी पक्षाचा नेता रॉकवेल मुलाखतीच्या वेळी पिस्तूल जवळ ठेवून बसला होता. हॅले शांतपणे प्रश्न विचारत राहिले.

माल्कम यांच्या हत्येनंतर १९६५ मध्येच त्यांचे आत्मचरित्र हॅले यांच्या शब्दांकनातून प्रसिद्ध झाले. ‘रूट्स’ने (१९७६) अफाट कीर्ती दिली, वाङ्मयचौर्याचा दावाही ओढवला, जो १९७८ मध्ये तडजोडीने मिटला. १० फेब्रुवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. करमणुकीसाठी मासिक उघडणाऱ्या गोऱ्या वाचकापुढे कृष्णवर्णीयांचे म्हणणे अखंड ठेवण्याचे श्रेय मात्र निर्विवादपणे त्यांचे आहे.