भारतात एचआयव्ही आहे हे सगळ्यात आधी ओळखलं ते गायतोंडेंच्या लेकीनं

साल १९८६. एड्स हा अमेरिकेतला रोग आहे, आपल्याकडे संस्कार आहेत, त्यामुळे तो इथं यायचा नाही, असं छातीठोकपणे सांगणारे लोक तेव्हा पैशाला पासरी होते. त्यात पुढारी होते, पेपरवाले होते आणि डॉक्टरही होते. मुंबईत शेकडो जणांचं रक्त तपासून झालं होतं, एकही पॉझिटिव्ह निघाला नव्हता. म्हणजे विषय संपला, असंच सगळे धरून चालले होते.

मद्रास मेडिकल कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन यांना मात्र हे पटत नव्हतं.

आडनावावर जाऊ नका. माहेरच्या त्या गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याच्या व्यापारात असलेलं मराठी कुटुंब, आठ भावंडं आणि त्यात ही एकुलती एक मुलगी. लस टोचायला दरवर्षी आरोग्य अधिकारी घरी यायचे, त्यांना बघून हिच्या डोक्यात डॉक्टर व्हायचं शिरलं. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकताना व्हिक्टर सॉलोमन भेटले. ते तमिळ ख्रिश्चन, पुढे हृदयाचे सर्जन झाले. लग्न झालं, मग इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया असं फिरून १९७३ मध्ये दोघं परत आले.

तर झालं असं की, सेल्लप्पन निर्मला नावाची त्यांची विद्यार्थिनी प्रबंधासाठी विषय शोधत होती. बाईंनी तिला सांगितलं, वेश्याव्यवसायातल्या बायकांचं रक्त एचआयव्हीसाठी तपास. छोट्या गावातून आलेली, साध्या घरातली ही मुलगी आधी घाबरलीच. पण तयार झाली. मद्रासमध्ये तेव्हा उघड रेड लाइट एरिया नव्हता, त्यामुळे पोलिसांनी पकडून सुधारगृहात ठेवलेल्या बायकांकडे ती जायची. तिचे पती तिला स्कूटरवरून सोडायचे. तीन महिन्यांत ऐंशीहून जास्त नमुने जमले. हातमोजे नाहीत, सुरक्षेची साधनं नाहीत. बाईंनी तात्पुरती प्रयोगशाळा उभी केली, तिथं रक्तातून सीरम वेगळं केलं आणि ते ठेवलं कुठे? तर निर्मलाच्या घरच्या फ्रिजमध्ये.

मद्रासमध्ये एचआयव्ही तपासायची सोयच नव्हती. मग बर्फाच्या डब्यात नमुने घेऊन नवरा-बायको रात्रीच्या रेल्वेने काटपाडीला गेले, तिथून रिक्षाने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. सहा नमुन्यांचा रंग पिवळा झाला. सहाही पॉझिटिव्ह. परत तपासले, तेच. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पाठवले, तिथंही तेच. मे महिन्यात तमिळनाडूच्या आरोग्यमंत्र्यांनी ही बातमी विधानसभेत सांगितली आणि देशभर खळबळ उडाली.

त्या सहा जणींत एक मुलगी फक्त १३ वर्षांची होती. तिला पळवून आणून विकलेलं होतं. त्या मुलीमुळे बाईंच्या आयुष्याची दिशा बदलली, असं म्हणायला हरकत नाही.

घरातून सुरुवातीला विरोध झाला. एचआयव्हीच्या रुग्णांमध्ये तिनं वावरू नये असं पतीला वाटायचं. या माणसांच्या कहाण्या एकदा ऐका म्हणजे कळेल, यावर बाई ठाम राहिल्या. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावानं, म्हणजे वाय. आर. गायतोंडेंच्या नावानं, वायआरजी केअर ही संस्था काढली. दुसरीकडे दारातून परत पाठवलेले रुग्ण इथं यायचे. उपचार तर होतेच, पण समुपदेशनाला बाईंच्या लेखी तेवढीच किंमत होती.

सुरुवातीला औषधं असून नसल्यासारखी होती, कारण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर जायचा. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली आणि गणित बदललं. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं मोफत एआरटी सुरू केली. पहिल्या राज्यांमध्ये तमिळनाडू होतं, महाराष्ट्रही होता.

पण इथंच पुढची अडचण सुरू होते.

एचआयव्ही स्वतःची नक्कल करताना भरपूर चुका करतो. रोज अब्जावधी नकला, त्यात असंख्य चुका. त्यातली एखादी चूक अशी असते की त्या विषाणूवर औषध चालत नाही. गोळ्या वेळेवर घेतल्या तर तीन औषधं मिळून सगळ्यांनाच दाबून ठेवतात. गोळ्या चुकल्या की रक्तातलं औषध कमी पडतं आणि नेमका तोच विषाणू वाढतो. लॅमिव्हुडिन या औषधाचंच बघा. विषाणूच्या एका एन्झाइममध्ये १८४ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललं की त्याचा बराचसा जोर जातो.

चेन्नईत बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे भारतीय रुग्णांमध्ये तपासलं. हे महत्त्वाचं होतं, कारण औषधांवरचं बरंचसं संशोधन अमेरिका-युरोपातल्या बी उपप्रकारावर झालेलं, आणि आपल्याकडे मुख्यतः सी उपप्रकार. पहिली औषधं निकामी झालेल्या रुग्णांमध्ये १८४ वाला बदल सर्रास दिसला. त्यात सरकारी केंद्रांवर तेव्हा व्हायरल लोडची नियमित तपासणी नव्हती. सीडी४ पेशी घसरेपर्यंत कळायचंच नाही आणि तोवर एकावर एक बदल साठून पुढच्या औषधांचाही रस्ता बंद व्हायचा.

आता हे यवतमाळच्या नकाशावर ठेवून बघा. वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरीवरून जाणारा ४४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, त्यावरचे ट्रक. झरी जामणीतल्या एखाद्याला महिन्याच्या गोळ्या आणायच्या तर एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी जाणार. वर कुणी ओळखीचं दिसेल ही भीती. डोस चुकतो तो बऱ्याचदा या कारणांमुळे, आणि आपण मोकळे होतो पेशंटला बेफिकीर म्हणून.

२०११ मध्ये एक मोठा निकाल आला. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांचा अभ्यास, त्यातलं एक केंद्र चेन्नईचं वायआरजी केअर. उपचार लवकर सुरू केले तर जोडीदाराला लागण व्हायचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो, हे त्यात दिसलं. म्हणजे जी गोळी रुग्णाला जगवते तीच घरच्यांनाही वाचवते.

बाई आणखी एक उद्योग करायच्या, लग्नं जुळवायचा! एचआयव्ही असलेल्या मुलामुलींची स्थळं त्या स्वतः बघायच्या. धर्म, शिक्षण, पगार हे नेहमीचं होतंच, पण पत्रिकेच्या जागी सीडी४ आणि व्हायरल लोडचे आकडे. या कामावर पुढे ‘लव्हसिक’ नावाची डॉक्युमेंटरीही निघाली.

२००६ मध्ये पती गेले. २८ जुलै २०१५ रोजी चेन्नईत स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं डॉ. सुनीती सॉलोमनही गेल्या. पद्मश्री जाहीर झाली ती २०१७ मध्ये, मरणोत्तर.